अंथरुणाचं वजन

वाडी, ता. सोनपेठ
११ ऑगस्ट

राजेश्री,

जय भीम. खुशाली विचारत न्हाई, कारण तू सांगणार न्हाईस. फोन लावला की एक बाई इंग्रजीत काय तरी बोलती आन् बंद होतो. म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या भावाकडनं घेतला. त्याच्यावर चिडू नको. गंगाखेडला त्याच्या दारात दीड तास बसून ऱ्हायले, तवा त्यानं दिला.

कामाचं लिहिते. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर यायलेय. गाडीनं न्हाई, पायी. वाडीतले अकरा जण हायेत. पंडित कंडक्टर पुढारी हाय. एसटीतनं रिटायर झाल्यापासून त्याला कुणाला तरी रांगेत उभं करायची हौस हाय. सतरा सप्टेंबरला शाळेतला मुक्तिदिनाचा झेंडा झाला की निघायचं, रोज वीस किलोमीटर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचायचं. माझा बाप छप्पनला असाच गेलता. त्याच्याजवळ एक चवाळं होतं, अंथरायला तेच आन् पांघरायला तेच. मला सदुसष्ट चालूय म्हणून लोक नको म्हणायलेत. गुडघे माझे हायेत, लोकायचे न्हाईत.

तुला विचारायचं ते असं. पंडितनं काढलंय की संग टेंपो न्हाई, ज्याचं त्यानं पाठीवर. सगळं मिळून पाच किलो. त्यात लुगडी, ताट-तांब्या, पाण्याची बाटली, गोळ्या आन् अंथरूण. झोपायचं शाळेच्या व्हरांड्यात न्हाईतर विहारात, भुईवर. तू तिकडं नागपूरला पिशव्या शिवायच्या कारखान्यात हायेस असं कळलं. डोंगर चढणाऱ्या लोकायचं सामान तिथं शिवतेत म्हणं. तर हलक्या अंथरुणाचं तुला कळत असंल. काय घ्यावं ते एका कार्डावर लिही. जास्त लिहायची गरज न्हाई.

दुसरं. माझी नात संघप्रिया आता चौथीत असंल. गेली तवा सहा वर्षाची होती, दात पडायलते. मला तिला बघायचंय. दीक्षाभूमीवर लाखानं लोक येतेत. त्यात तू दहा मिनटं तिला घेऊन आलीस तर तुझं काय जायचं न्हाई. मी तिच्याशी काय बोलणार न्हाई, नुस्तं बघीन.

धम्मपालचं जे झालं ते झालं. तीन वर्षं झाली. माझा पोरगा गेला, तुझा नवरा गेला. कुणी कुणाला काय म्हणलं ते धरून बसून काय व्हायचंय.

केशरबाई


वाडी
२२ ऑगस्ट

राजेश्री,

कार्ड आलं न्हाई. टपालाला उशीर झाला का तू लिहिलंच न्हाईस, म्हाईत न्हाई. मी आपली लिहायलेय.

काल पंडितनं किराणा दुकानाच्या काट्यावर सगळ्यायची अंथरुणं जोखली. माझी गोधडी तीन किलो दोनशे भरली. पंडित म्हणला, "केशरवहिनी, आत म्हैस शिवलीय का काय?" शेजारच्या कमलनं कापसाची उशी आणलीवती. म्हणली, उशीबिगर मला झोप येत न्हाई.

"मग उशी घे आन् लुगडी ठिव घरी," पंडित म्हणला.

"आन् नेसू काय?"

"उशी."

दुकानातले समदे हसले. कमल पण हसली, पण उशी तिनं सोडली न्हाई. तिची पिशवी सात किलो हाय. बघू पंडित काय करतो ते.

मी परभणीला जाऊन आले. तिथं दुकानात झोपायची पिशवी दाखवली, नऊशे ग्रॅमची. आत शिरायचं आन् साखळी ओढून घ्यायची. दुकानदार म्हणला, आजी, बघा तर शिरून. शिरले. हात अंगाला चिकटले, तोंड तेवढं उघडं. मढं बांधल्यागत. मी म्हणले, यात माणूस झोपंल, पण उठंल कसं? फोमची वळकटी दाखवली, ती वजनाला काय न्हाई पण उसाच्या मोळीएवढी. फुंकून फुगवायची गादी दाखवली, ती फुगवूस्तोर माणूस आडवा व्हायचा. पैसेवाल्यायचे खेळ हायेत. परत आले.

आता असं केलंय. खताची दोन पोती उसवून, धुऊन, एक बस्कर शिवलं. त्याच्यावर दोन जुनी लुगडी एकपदरी शिवून गोधडी. दोन्ही मिळून अकराशे ग्रॅम. चार दिवस ओसरीवर टाकून झोपले. गुडघे धरल्यापासून मी बाजेवर झोपणारी, भुईची सवय मोडलीय. कंबर धरती. धरू दे.

कमल म्हणली मच्छरदाणी घ्यावी. मी म्हणले, कामून? तुला आठवत असंल, तू सोनपेठच्या बाजारातनं निळी जाळी आणलीवतीस. मी ती कोंबड्याच्या खुराड्यावर टाकली, मुंगूस यायलंतं म्हणून. तू दोन-तीनदा मागितलीस. मी म्हणले, घरात तंबू ठोकायला आपण काय सर्कशीतले हाव का. हे तुला म्हाईतच हाय म्हणून लिहायलेय. यात लपवायसारखं काय न्हाई.

पोरीचं काय ते कळव.

केशरबाई


वाडी
३ सप्टेंबर

राजेश्री,

तुझं कार्ड आलं. एक ओळ. "येऊ नका. आलातच तर मच्छरदाणीत झोपा." खाली सही न्हाई, पोरीचं नाव न्हाई. कार्ड असलं की पोस्टमन वाचतो, पोस्टमननं वाचलं की कमल वाचती. ती म्हणली, "केशरबाई, सुनेला अजून तुझी फिकीर हाय गं." मी म्हणले, फिकीर न्हाई, टोमणा हाय.

टोमणाच हाय ना?

मग ऐक. मण्यार साप जाळीनं अडतो हे सरकारी दवाखान्यातल्या डाक्टरनं सांगितलं, तवा आपल्या दोघींला एकदमच कळलं. त्याच्या आधी तुला तरी कुठं म्हाईत होतं? तू जाळी मागितलीवतीस ती डासासाठी. पावसाळ्यात मण्यार घरात येती, अंथरुणात ऊब धरती, झोपलेल्याला चावती. दुखत न्हाई, सूज न्हाई, रगत न्हाई. धम्मपालच्या कोपरावर दोन ठिपके होते, बाभळीचा काटा लागल्यागत. दुपारी पंडितनं ज्वारीच्या पोत्याखालनं तिला हुसकून काढलं तवा कुठं सगळ्यायला पटलं. मग असं जनावर चावल्यालं तुला कसं कळावं, आन् मला कसं कळावं?

वाडीतले लोक तुला बोलले, ते मला म्हाईत हाय. नवरा बाजूला मरायलाय आन् बायको घोरायलीय, असं म्हणले. कमल तुझ्या तोंडावर म्हणली. मी म्हणले न्हाई. मी गप ऱ्हायले. गप ऱ्हाणं म्हणजी बोलणं न्हाई. तू पोरीचा हात धरून निघालीस तवा मी दारात होते आन् थांब म्हणले न्हाई, ते खरं. ते मी कबूल करते. बाकी माझ्यावर टाकू नको.

जाळीला बांबू लागतेत, दोऱ्या लागतेत. पाच किलोत ते बसत न्हाई. आन् मी येणार. रस्ता सरकारचा हाय.

केशरबाई


वाडी
१४ सप्टेंबर

राजेश्री,

पार्सल मिळालं.

आत चिठ्ठी असंल म्हणून कागद उलटा-सुलटा करून बघितला. न्हाई. नुस्ती जाळी. पांढरी, एकटीपुरती, बांबू नको, चार कोपऱ्याला नाड्या. खाली वीतभर जाड कापडाचा घोळ लावलाय, अंथरुणाखाली खोचायला. जाळी मशीनवर झालीय पण घोळ हातानं लावलाय. मी ओळखला. तू परतीचा टाका घालतीस, बारीक, आन् शेवटाला दोनदा गाठ मारतीस. मुंगी शिरायची न्हाई असं शिवलंयस.

पंडितनं जोखली. तीनशे चाळीस ग्रॅम. सगळं मिळून माझं चार किलो नऊशे झालं. तो म्हणला, वहिनी, अकरा जणात तुमचीच पिशवी कायद्यात हाय. कमलनं जाळी हातात घेऊन दिव्यासमोर धरली. म्हणली, "सून गुणाची हाय गं तुझी. आन् आपण तिला झोपाळू म्हणून हाकललं." मी म्हणले, पिशवी भर तुझी, उशी काढ त्यातली. ती म्हणली, विषय कामून बदलतीस?

ओसरीवर बांधून झोपले. आत काय आवाज येत न्हाई असं न्हाई, सगळं ऐकू येतं. पण बाहीरचं धुरकट दिसतं. बाजेचा पाय दिसायलता, उंबरा दिसायलता, धम्मपाल येऊन बसलेली जागा दिसायलती. म्हणजी तो बसायचा ती, जेवून झाल्यावर. सुपारी कातरायला.

तू ही जाळी कामून पाठवलीस ते मला कळत न्हाई. मरू नये म्हणून, का रोज झोपताना आठवावं म्हणून? मला अशी कोडी घालत जाऊ नको. मी चौथी शिकलेली बाई हाय. सरळ लिही.

मंगळवारी निघायलो. रस्त्यातनं पत्र टाकीन.

केशरबाई


दिग्रस, विहारात
३० सप्टेंबर

राजेश्री,

चौदा दिवस झाले चालायलोय. पाय बरे हायेत. परभणी, हिंगोली, पुसद मागं पडली. पाऊस दोनदा लागला. बस्कर भिजत न्हाई, गोधडी भिजली तर वाळती. तुझी जाळी मी रोज बांधते. लोक पिशव्या टाकून आधी चहा शोधतेत, मी आधी खिडकीचे गज आन् खांब शोधते. पंडित मला चिडवतो, "आले बघा आमचे बडे सायब." चिडवू दे.

रोज निघायच्या आधी पंडित त्रिशरण पंचशील घेतो. सगळे एका सुरात म्हणतेत. चौथं शील आलं, खोटं न बोलायचं, की माझा आवाज बसायचा. पहिल्या दिवशी वाटलं घसा धरलाय. रोज कसा धरंल? बाकीचे चार नीट जायचे.

आता परवाचं लिहिते. पुसदच्या अलीकडं एका शाळेत उतरलो होतो. कमलनं जेवताना भाजलेल्या शेंगा खाल्ल्या, वर पिठलं. रात्री ती उठून बसली. माझ्या शेजारीच होती. म्हणली, "केशर, पोट दुखायलंय गं. ओवा हाय का?"

ओवा माझ्या पिशवीत होता. मी दिला न्हाई. मी उठले, जाळी अंगाला गुंडाळली ती तशीच ओढत नेली, दोन गज उपटायचे ऱ्हायले. पंडितला उठवलं, सगळ्यायला उठवलं, दिवे लावायला लावले. कमलचं लुगडं वर करून पाय बघितले, हात बघितले, कानामागं बघितलं. तिच्या पापण्या बोटानं उघडून बघितल्या. ती वरडायली, "येडी झालीस का? शेंगा खाल्ल्यात मी." मी म्हणले, गाडी बोलवा. पंडित म्हणला, "वहिनी, पोटदुखीला गाडी?" मी त्याची गचुंडी धरली. पंडितची, साऱ्यादेखत. गावातनं एक जीप आली. तिला पुसदच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

डाक्टर पोरगीच होती, तुझ्याएवढी. तिनं तपासलं, सुई दिली, पहाटेपर्यंत ठिवून घेतलं. पित्त होतं, दुसरं काय न्हाई. मला ती रागावली न्हाई. म्हणली, "आजी, तुम्ही बरोबर केलं. पावसाळ्यात भुईवर झोपलेल्या माणसाचं पोट दुखलं तर आम्ही आधी मण्यारच धरतो. पापण्या जड होतात, जीभ जड होती, बोलता येत न्हाई. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

मी काय सांगणार. मी कमलचं पांघरूण नीट करायला लागले.

पण कमल पडल्या पडल्या माझ्याकडं बघायलीवती. ती म्हणली, "केशर, तू जिंदगीत कुणाला दवाखान्यात नेलं न्हाईस. तुझा नवरा तापानं फणफणला तरी तू म्हणलीस नाटक करायलाय. आज काय झालं तुला? माझ्या पापण्या कामून बघितल्यास?"

पंडित दारात उभा होता. त्या दोघांदेखत मी सांगितलं. आता तुला सांगते. तुला आधी सांगायचं होतं, क्रम चुकला.

धम्मपाल त्या रात्री उठला होता. तू झोपलीवतीस, संघप्रिया तुझ्या कुशीत. अडीच-तीन वाजले असतील. तो बाहीर ओसरीवर माझ्या बाजेपाशी आला आन् उकिडवा बसला. म्हणला, आई, पोट लय दुखायलंय. मी ओवा आन् काळं मीठ दिलं, कोमट पाणी दिलं. तो म्हणला, गिळवना. त्याचे डोळे झाकायलते. मी म्हणले, झोप यायलीय तुला, जा, आडवा हो. त्याचं बोलणं जड झालतं, दारू पिल्यागत. तो पीत नव्हता ते मला म्हाईत होतं, तरी मी त्याचं तोंड हुंगलं. मग म्हणले, जा. तो भितीला धरत आत गेला आन् तुझ्या बाजूला पडला. मी बाजेवर आडवी झाले. मला झोप लागली. घोरले मी.

उजाडता तू त्याला हलवलंस. मग लोक जमले. तू डोकं आपटून म्हणायलीस, मला जाग कशी आली न्हाई, मला जाग कशी आली न्हाई. मी तिथंच होते. मी सांगितलं असतं की तो उठला होता, माझ्याकडं आलता, तर सगळ्यायनी मला विचारलं असतं. म्हणून मी ते तुझ्यावर ऱ्हाऊ दिलं. एक दिवस ऱ्हाऊ दिलं, मग दुसरा. मग तू गेलीस, मग सोपं झालं.

कमल दवाखान्याच्या खाटेवर म्हणली, "नळावर मी त्या पोरीला काय काय बोलले. तू बाजूला घागर भरायलीवतीस."

"व्हय."

"ऐकलंस तू."

"ऐकलं."

तिनं भितीकडं तोंड केलं. सुईचा हात तेवढा माझ्याकडं ऱ्हायला.

पंडित म्हणला, वहिनी, हे सकाळी सगळ्यायला सांगा. मी सांगितलं, पंचशील व्हायच्या आधी. दहा जण खाली बघत उभे होते. मग पंडितनं म्हणायला सुरवात केली. कमल तवापासून माझ्याशी बोलत न्हाई. चालताना ती पुढं असती. झोपताना तिनं उशी व्हरांड्याच्या त्या टोकाला नेली. बरोबर केलं तिनं.

तुला दीक्षाभूमीवर येऊ नये वाटलं तर येऊ नको. मी दसऱ्याला दिवसभर पुस्तकाच्या दुकानाच्या रांगेपाशी पाण्याचा टँकर असतो, तिथं बसंन. पंडित म्हणतो दरसाली तो तिथंच असतो.

केशरबाई


वाडी
२० ऑक्टोबर

राजेश्री,

रेल्वेनं गंगाखेडपर्यंत आले, तिथनं एसटी. घरी येऊन सहा दिवस झाले. गुडघे सुजलेत. तू दिलेलं मलम लावते.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. सकाळपासनं टँकरपाशी बसले होते. लाखानं पाय गेले समोरनं. दुपारी एक उंच पोरगी चष्मा लावून समोर उभी ऱ्हायली. मी तिला म्हणले, बाजूला हो बाई, रांग तिकडं हाय. ती म्हणली, "आजी, तुमी खरंच चालत आलात?" मी तिला ओळखलं न्हाई. माझ्या नातीला मी रांगेत लावायलते.

तिनं विचारलं चपला किती झिजल्या. मी म्हणले दोन जोड. ती म्हणली, "मग तिसरा जोड कुठं ठेवला होता, पाच किलोत?" मी म्हणले, पायात. तिला हसू आलं. धम्मपालसारखी हसती, एक गाल दाबून. मी बोलणार न्हाई म्हणून लिहिलं होतं आन् बोलतच ऱ्हायले.

मग तू तिला पुस्तकं बघायला पाठवलंस आन् माझ्यासमोर खाली बसलीस. तू म्हणलीस, पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तू शिव्या देशील म्हणून मी तयार होते. तू दिल्या न्हाईस. तू म्हणलीस, "आत्याबाई, एकच विचारते. त्यानं माझं नाव काढलं का? मला हाक मारली का त्यानं?"

मी म्हणले, न्हाई.

तू म्हणलीस, "तीन वर्षं मला वाटायलंय त्यानं हाक मारली आन् मी उठले न्हाई. रोज रात्री कान लावून झोपते मी. पोरीनं कूस बदलली तरी उठून बसते. न्हाई मारली ना?"

"न्हाई."

तू पदरात तोंड घालून लय वेळ बसलीस. मग उठलीस, पाण्यानं तोंड धुतलंस आन् म्हणलीस, दिवाळीत पोरीला घेऊन चार दिवस वाडीला येते. त्या मलमाची बाटली माझ्या हातात दिलीस.

मी खुशीत आले परत. रेल्वेत कमल माझ्याशी बोलली. शेजारी येऊन बसली, संत्रं सोलून दिलं. म्हणली, पोरगी यायलीय तर घराला चुना देऊ, मी पण हात लावते. आमी दोघींनी दोन दिवस घर झाडलं, पोती हलवून बघितली, बिळं सिमेंटनं बुजवली. पंडितनं साखर कारखान्यातनं जुनी लोखंडी खाट आणून दिली, पोरीला झोपायला. मी विहारात गेले, चौथं शील मोठ्यानं म्हणले, सगळ्यायच्या वर माझा आवाज होता. पंडितनं वळून बघितलं.

आज सकाळी चुन्याचे हात धुवायलेवते आन् माझ्या ध्यानात आलं की मी ते शील म्हणायला पुन्हा मोकळी न्हाई. आता लिहिते. तीनदा कागद फाडला. हा चौथा हाय, हा फाडणार न्हाई.

तू विचारलंस तवा मी खोटं बोलले. तू पोरीला आणशील का न्हाई ते त्या उत्तरावर हाय हे मला तिथंच कळलं होतं. म्हणून बोलले. मला वाटलं तुलाही बरं वाटायलंय, कशाला उकरा.

तो गिळवना म्हणला, त्याच्यानंतरचं मी पत्रात लिहिलं न्हाई, दवाखान्यात सांगितलं न्हाई, पंचशीलाच्या आधी सगळ्यायला सांगितलं तवाबी न्हाई. तो म्हणला, "आई, राजीला उठव." मी म्हणले, कशाला? तिला उठवलं की ती गाव गोळा करील, गाडी बोलवील. उद्या लोक हसतील, पोटदुखीला गाडी केली म्हणून. झोपू दे तिला. तो ऐकंना. तोंड दाराकडं केलं आन् तुला हाक मारायला लागला. "रा" एवढं आलं. मी बाजेवरनं वाकून त्याच्या तोंडावर हात ठिवला. दाबला. त्याचे ओठ माझ्या तळव्याला लागले, ते हलायलते. मग हलायचे थांबले. त्यानं माझ्याकडं बघितलं, जेवढे डोळे उघडत होते तेवढ्यानं. मग भितीला धरत आत गेला. दुसऱ्यांदा हाक मारायचं बळ त्याच्यात नव्हतं, का मी रागवंन म्हणून मारली न्हाई, ते मला म्हाईत न्हाई. चाळीस वर्षाचा बाप्या होता, पण मला भ्यायचा.

तेवढी हाक आली असती तर तू उठली असतीस. तू उठली असतीस तर गाडी केली असतीस. दवाखाना पाऊण तासावर हाय. डाक्टरीणबाईला मी पुसदला विचारलं होतं, तीनला आणला असता तर? ती म्हणली, वाचतेत लोक.

दिवाळीला यायचं का न्हाई ते आता तू ठरव. मी विचारणार न्हाई आन् भावाच्या दारात बसणार न्हाई. खाट ओसरीवर हाय, पोरगी आली न्हाई तर विहाराला देईन.

पोस्टाची पेटी तीनला उघडतेत. त्याच्या आत मी स्वतः जाऊन टाकते, कमलच्या हाती देत न्हाई.

संघप्रिया मोठी झाली की विचारील, बाप शेवटी काय म्हणला. तिला खोटं सांगू नको. सांग, त्यानं तुझ्या आईला हाक मारली आन् आजीनं तोंड दाबलं. असंच सांग, याच शब्दात.

केशर